तिघींचं एक तिकीट

समुद्र पाहायला निघालो म्हटलं की आपल्या विदर्भात लोक आधी विचारतात, "काहून? कोणाचं लग्न आहे का तिकडं?" नाही म्हणावं, तर लगेच दुसरा प्रश्न, "मग देव आहे का?" मैत्रिणींनो, तुम्हीच आठवून पाहा. लग्न झाल्यापासून ज्या ज्या गावांना गेलात, त्यातली किती गावं या दोन प्रश्नांच्या बाहेरची आहेत? शेगाव, शिर्डी, माहूर, पंढरपूर. नाहीतर नणंदेचं बाळंतपण, दिराचा साखरपुडा, भाच्याचं बारसं. देवाच्या गावाला रांगेत उभं राहायचं आणि सोयऱ्यांच्या गावाला पोळ्या लाटायच्या. गाव पाहायचं राहूनच जातं.

आम्ही नागपुरात कळमन्याला राहतो. बाजार समितीचं मोठं आवार जवळच. मिरचीचा लिलाव जोरात असला की घरात बसून शिंका येतात आणि संत्र्यांचा हंगाम आला की रस्ताभर तो आंबटगोड वास. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्या नागपूरच्याच झाल्या. आता त्यांचं वय ७६. देव म्हणाल तर सगळे करून झाले, पण समुद्र पाहिला नव्हता. तसा हट्टही नव्हता त्यांचा. टीव्हीवर समुद्र दिसला की हातातलं निवडणं थांबायचं, एवढंच. गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरायला लागले आणि मला वाटलं, आता 'पुढच्या वर्षी पाहू' हे वाक्य घरातून काढून टाकलं पाहिजे.

ह्यांना रजा नव्हती. "तिघी बायाच? एवढ्या लांब? आणि तेही एस.टी.नं?" असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी मी कागद-पेन घेऊन बसले आणि हिशेबच मांडला. तो तुम्हालाही सांगते, कारण अजून कितीतरी जणींना तो नीट ठाऊक नाही.

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. साधी लाल गाडी असो, निमआराम असो की वातानुकूलित शिवशाही, सवलत तीच. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आधीपासून आहेच. आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात प्रवास मोफत आहे. म्हणजे माझं अर्धं, दहा वर्षांच्या लेकीचं अर्धं आणि आईंचं शून्य. तिघी मिळून एकच पूर्ण तिकीट! २०२५ च्या जानेवारीत भाडी जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढली हे खरं, तरीसुद्धा हा खर्च माझ्या शाळेच्या अर्धवेळ पगारात बसणारा होता. कुणापुढे हात पसरायचा नव्हता. कागद पाहून हे गप्प झाले आणि मग स्वतःच आरक्षण करायला गेले. (आरक्षण केलं तर त्याचा आकार वेगळा पडतो. ओळखपत्र प्रत्येकीचं जवळ ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.)

कुठे जायचं यावर मात्र बराच खल झाला. गर्दीचा किनारा नको होता. उंटगाड्या, भेळ, मोटारींचे भोंगे हे सगळं पाहायला एवढा लांबचा प्रवास कशाला? मी गुहागर ठरवलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं, चिपळूणहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. थेट समुद्रावर वसलेलं गाव, मोठा लांबलचक किनारा, घरगुती राहण्या-जेवणाची सोय आणि शिवाय व्याडेश्वराचं जुनं देऊळ. म्हणजे शेजारच्या वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरही तयार! आईंनी ते उत्तर गल्लीत सगळ्यांना दिलं. "महादेवाले चाललो," असंच त्या सांगत होत्या. मी मध्ये बोलले नाही.

आता प्रवासाचं. नागपूरहून गुहागर एका दमात करू नका, निदान म्हाताऱ्या माणसाला घेऊन तरी नकोच. आम्ही गणेशपेठ स्थानकावरून संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसलो ते दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरलो. वाटेत अहिल्यानगर लागतं, तेव्हाचं अहमदनगर. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी याच अहमदनगर-पुणे रस्त्यावर धावली होती. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे ही गाडी आजीपेक्षा मोठी की लहान?" हिशेब करून पाहा, एस.टी.च थोडी थोरली निघते. आजीला ते फार आवडलं.

पुण्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या गाड्या ज्या शिवाजीनगर स्थानकावर जात, ते २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं गेलं, आणि कोकणच्या गाड्या सुटतात स्वारगेटहून. ही दोन टोकं आहेत. एक गाडी सोडून लगेच दुसरी पकडू म्हणाल तर धावपळ होईल. आम्ही नणंदेकडे एक रात्र राहिलो, पाय पसरून झोपलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला गेलो. थेट गुहागरची गाडी न मिळाली तर चिपळूणपर्यंत जावं. तिथून गुहागरला गाड्या असतात.

बसमध्ये बायका पाणी पीत नाहीत. खरं की नाही? पुढचं स्वच्छतागृह कसं असेल या धास्तीनं आपण सकाळपासून घसा कोरडा ठेवतो आणि मग डोकं दुखतं, उलटी होते, आणि दोष घाटाला! वाटेतल्या एका ठिकाणी कडी नसलेलं दार मीही धरून उभी राहिले, तेव्हा ही धास्ती खोटी नाही हे मान्य. पण उपाय तहानलेलं राहणं हा नव्हे. गाडी जिथे जेवणासाठी थांबते तिथे उतरल्याबरोबर आधी तिकडे जायचं, चहा नंतर. वाहकाला सुरुवातीलाच सांगून ठेवायचं की सोबत म्हातारं माणूस आहे, जरा वेळ लागेल. आमच्या वाहकदादांनी प्रत्येक थांब्यावर आजी चढल्या का हे पाहूनच घंटी दिली. सोबत एक जुनी ओढणी, साबणाचा तुकडा आणि रिकाम्या पिशव्या ठेवा. तान्हं मूल असलेल्या आयांसाठी मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. रायगडाचा कडा बाळासाठी उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव, आणि तेच नाव एस.टी.च्या निमआराम गाडीलाही आहे.

डब्याला दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कळमन्यातली मृग बहाराची संत्री. फेब्रुवारीत ती ऐन भरात असतात. घाटात जीव मळमळला तर संत्र्याचं साल नाकाशी धरायचं. आवळासुपारीही चालते, पण साल अधिक चांगलं.

साताऱ्याच्या पुढे उंब्रजला महामार्ग सुटतो, पाटण लागतं, मग कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप झाला तो इथला. आईंना त्याची बातमी ऐकलेली आठवत होती. तेव्हा त्या लहान होत्या. त्यानंतर कुंभार्ली घाट. घाट सुरू झाला की पुढची जागा बरी, मागच्या चाकांवरची नको. वळणावळणानं गाडी खाली उतरते आणि हवा बदलते. कोरडी हवा चिकट होते, लाल माती दिसू लागते, कौलारू घरं, काजूची झाडं. आमच्याकडे लांबच लांब सपाट काळी जमीन पाहायची सवय, त्यामुळे आईंना दरी पाहायची नव्हती. त्या डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या, आणि चिपळूण आलं तेव्हा म्हणाल्या, "झालं का? मंग उठवलं काहून नाही?"

त्यांचं शून्य रुपयांचं तिकीट हा मात्र प्रवासभर चघळायचा विषय झाला. "फुकट कशी बसू?" असं त्यांनी वाहकाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, तुमचं तिकीट सरकारनं काढलंय." तो कागद त्यांनी घडी घालून कनवटीला लावला.

गुहागरचं बसस्थानक समुद्रापासून अगदी जवळ आहे. गाव असं की एक लांब रस्ता किनाऱ्याला समांतर जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं. वस्तीला वरचा पाट, खालचा पाट अशी नावं. रस्त्याच्या पश्चिमेची घरं पुढून अरुंद दिसतात, पण आत शिरा. ओटी, माजघर, पडवी, मग विहीर, मग नारळ-पोफळींची वाडी, आणि वाडी संपली की सुरूची झाडं नि वाळू. घराचं मागचं दार उघडलं की समुद्र!

पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. ते पाहून आई समुद्र विसरल्या. साठ वर्षं अडकित्त्यानं सुपारी कातरली, पण ती झाडाला अशी घोसानं लागते हे पहिल्यांदाच पाहत होत्या. पान आमच्या रामटेकचं प्रसिद्ध, सुपारी कोकणची, आणि दोघांची गाठ पडायची ती आईंच्या पानदानात. त्यांनी खाली पडलेली एक ओली सुपारी उचलून पिशवीत टाकली.

आम्ही उतरलो त्या घरच्या काकू साठीच्या आतबाहेरच्या. "आजी, चपला इथेच काढा हो. हातपाय धुवा, तोवर चहा टाकत्ये." आईंनी हळूच मला विचारलं, "मागं पिठाची चक्की चालू आहे का?" ती चक्की नव्हती. तो समुद्राचा आवाज होता. त्यांना वाटलं होतं समुद्र फक्त दिसतो.

चहा तसाच ठेवून आम्ही वाडीतून चालत गेलो. मैत्रिणींनो, मी काही तुम्हाला निळ्या लाटांचं वर्णन करणार नाही, ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. आई सुरूच्या झाडाला धरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाप्पा! हे तं थांबतच नाही. रातभर असंच करते का?" मग सावकाश पाण्यापर्यंत गेल्या, वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं. "खारंच आहे," म्हणाल्या, जणू इतकी वर्षं लोकांनी सांगितलेलं तपासून पाहत होत्या. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तुझ्या सासऱ्याले दाखवाले पाह्यजे होतं." यावर काय बोलणार? लेक तेवढ्यात ओरडली, तिला खेकड्यांनी वाळूवर मांडलेल्या बारीक गोळ्या सापडल्या होत्या. साबुदाणा सांडावा तशा, आणि रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या ओळीनं.

तिथे कळलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहीर, पण पाणी गोड. आईंना हे पटेना. काकू म्हणाल्या, देवाची कृपा. ती आहेच, पण कारणही आहे. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, आमटीवर तेलाचा तवंग राहतो तसं. बेताबेतानं उपसलं तर गोड मिळतं. पंप लावून हपापल्यासारखं उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर बिघडते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून वारा येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई वारे. भूगोलाच्या तासाला हे शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिले असतील! विदर्भातली मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. तिथे पडवीत बसले असताना दुपारी पदर घराकडे उडत होता आणि पहाटे वाडीत उभी राहिले तेव्हा तोच पदर समुद्राकडे. यंदा तो धडा फळ्याशिवाय शिकवला.

तिसरी फार उपयोगाची. भरती किती वाजता, हे घरच्या दिनदर्शिकेवरून काढता येतं. तिथी घ्यायची, तिला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ते साधारण भरतीचं घड्याळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी आणि ओहोटी मध्ये, सहा तासांनी. चतुर्थी-एकादशी आपण उपासासाठी पाहतोच, आता समुद्रासाठीही पाहायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. आम्ही षष्ठी ते अष्टमी राहिलो. लेकरू आणि म्हातारं माणूस सोबत असताना हेच दिवस बरे.

तरीही सांगते, समुद्र शांत दिसला म्हणून विश्वासू नका. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू काढून नेतं आणि माणसाला आत ओढतं. गुडघ्याच्या वर पाणी नाही, मुलाचा हात सोडायचा नाही, आणि गावच्या माणसानं 'इथे नको' म्हटलं तर का म्हणून विचारत बसायचं नाही. कपड्यांचंही तसंच. सुती साडी भिजली की मणाची होते आणि पायात येते. मी सलवार-कमीज घातली होती. आईंचं नऊवारी लुगडं मात्र कासोटा मारलेलं, त्या आम्हा दोघींपेक्षा सरस चालत होत्या! खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे गोड्या पाण्यातून दोनदा काढल्याशिवाय वाळत घालू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं, ते दिवसभर उन्हात ठेवले तरी ओलसरच राहतात.

जेवणाला घावने आणि ओल्या नारळाची चटणी, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, भात, आणि प्रत्येक जेवणात सोलकढी. आमच्या तिखटाच्या जिभेला पहिल्या दिवशी सगळं गोडूस लागलं. दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून भिवापुरी मिरचीचं तिखट काढलं तर काकूंनी चिमूटभर घेऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा चिमूटभर घेतलं.

आयतं ताट ही गोष्ट आईंना सोसेना. पहिल्याच सकाळी त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, काकू नारळ खवत होत्या तिथे. मी बोलवायला गेले तर दोघींचं रंगात आलेलं. इकडून "करून राहिली", तिकडून "करत्ये". आई म्हणत होत्या, "तुमचं नशीब, रोज समुद्र पाहता." काकू खवणीवरचा हात न थांबवता म्हणाल्या, "कुठलं हो आजी! मागे आहे हे माहीत आहे एवढंच. पहाटे पाणी, मग चहा, नाश्ता, पाहुण्यांची जेवणं, दुपारी सुपाऱ्या वाळवायच्या, संध्याकाळी दिवेलागण. बसायला म्हणून वाडीपलीकडे गेल्याला किती महिने झाले आठवत नाही."

आई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्या काकूंच्या दारात चपला घालून उभ्या. "चला." काकू म्हणाल्या, भात टाकायचाय. आई म्हणाल्या, माझी सून टाकते. मी टाकला भात! आणि त्या दोघी वाळूवर जाऊन बसल्या. नागपुरापेक्षा तिथे सूर्य पंचवीसेक मिनिटं उशिरा मावळतो, त्यामुळे वेळ भरपूर होता. कुकर उतरवून मी गेले तेव्हा काकू आमची संत्री सोलून खात होत्या आणि सालं पदरात ठेवत होत्या.

हेदवीचा दशभुज गणपती आणि वेळणेश्वर बसनं जाऊन करता येतात. मी आणि लेक हेदवीला जाऊन आलो, आई आल्या नाहीत. तिथली बामणघळ, खडकातली अरुंद भेग, भरतीला पाणी उंच उडवते. ती लांबूनच पाहायची, काठाशी जायचं नाही. परतीला वेगळी वाट हवी असेल तर धोपाव्याहून दाभोळला खाडी ओलांडणारी फेरीबोट आहे, तिथून दापोली. आम्ही आल्या वाटेनंच गेलो.

घर ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. खोली तळमजल्यावर आहे का, संडास कसा आहे, आंघोळीला गरम पाणी मिळेल का, स्थानकापासून चालत किती. शनिवार-रविवार, दिवाळी आणि नाताळ टाळा, आणि पावसाळ्यात समुद्रावर जाऊच नका. येताना आमसुलं, कोकम आगळ आणि कुळीथ आणा. नारळ मात्र आणू नका. गोणी उचलायला हमाल शोधावा लागतो आणि तेव्हा अर्ध्या तिकिटाचा फायदा तिथेच जातो.

व्याडेश्वराचं दर्शन निघायच्या दिवशी सकाळी घेतलं. कळमन्यात आल्यावर आईंनी गल्लीत अंगारा वाटला, प्रवास कसा झाला ते सांगितलं, शून्याचं तिकीट दाखवलं. आता त्या रोज सकाळी चष्मा लावून दिनदर्शिकेसमोर उभ्या राहतात. परवा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आज एकादशी. काकूच्या मागं सव्वाआठले पाणी चढलं असन."